फुली मारलेली चौकट

बैठक सव्वापाचला सुरू झाली तेव्हा टेबलावर चहाचे कप, बिस्किटांची बशी आणि मी बरोबर नेलेला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. तालुक्याच्या गावातलं हे जुनं सार्वजनिक वाचनालय, ‘अ’ वर्गाचं. शतक महोत्सवाच्या निमित्ताने वेबसाइट करायची असा कार्यकारिणीचा ठराव झाला होता आणि काम माझ्याकडे आलं होतं. मी पिशवीतून लॅपटॉप काढलाच नाही, याचं मंडळींना नवल वाटलं असावं. एका कागदावर मी उभी चौकट आखली, वरच्या अंगाला एक आडवी पट्टी ओढली आणि पेन्सिल टेबलाच्या मध्यावर ठेवली. म्हटलं, “ही आपली वेबसाइट. उघडल्याबरोबर सगळ्यात वर काय दिसायला हवं?”

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. अख्खं गाव त्यांना सरच म्हणतं. सर म्हणाले, “इमारतीचा फोटो. चांगला मोठा. आणि त्याखाली संस्थेचा इतिहास.” कोषाध्यक्षांना देणगीदारांची नावं वर हवी होती. कार्यवाहांच्या मते व्याख्यानमालेची छायाचित्रं आधी यायला हवीत, कारण संस्थेचं नाव व्याख्यानमालेमुळे आहे. सगळ्यात तरुण सदस्याला आपोआप सरकणारी चित्रं हवी होती. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी एकेक चौकट आखत गेले आणि पाचव्या चौकटीला कागद संपला.

ग्रंथपाल मॅडम दाराजवळच्या खुर्चीवर गप्प बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, “मॅडम, काउंटरवर लोक दिवसभर काय विचारतात?”

“खरं सांगू का ताई?” त्या म्हणाल्या. “सगळ्यात जास्त विचारतात ते ‘आज उघडं आहे का’. फोनवर तर तेवढंच.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात मी काउंटरमागे स्टूल टाकून बसले. प्रत्येक प्रश्नाला एक उभी रेघ, पाचवी तिरकी. अमुक पुस्तक आलं का? वर्गणी किती राहिली? अभ्यासिकेत जागा आहे का? पुस्तक घरच्या कुणाबरोबर परत पाठवलं तर चालेल का? उद्या सुट्टी आहे का? या पाच-सहा प्रश्नांपुढे रेघांचे जुडगे साठत गेले. इतिहास त्या दोन तासांत कुणी विचारला नाही. इतिहास मोलाचा आहेच, तो लिहिलाही पाहिजे. पण दारात आलेल्या माणसाला तो आधी नको असतो. रेघांचा तो कागद मी पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “इमारतीचा फोटो जरा खाली घेऊ.”

ज्या चौकटींच्या कागदावर हे सगळं चाललं होतं त्याला वेबसाइटच्या धंद्यात ‘वायरफ्रेम’ म्हणतात. पानावर काय काय असेल, कुठे असेल, किती जागा घेईल आणि कशावर बोट ठेवलं की कुठे जाईल, एवढंच त्यात असतं. रंग नाही, फोटो नाही, सुबक अक्षर नाही.

शब्दाचा अर्थ सरळ आहे: तारेचा सांगाडा. मूर्तिकार माती थापण्याआधी आतून तारेचा किंवा सळईचा सांगाडा उभा करतात. संगणकावर वस्तू त्रिमितीत काढता येऊ लागल्या तेव्हा मोटारीचा किंवा विमानाचा भरीव पृष्ठभाग रंगवण्याइतकी ताकद त्या यंत्रांत नव्हती. म्हणून नुसत्या कडा रेघांनी काढत, आणि ते चित्र तारेचं विणकाम केल्यासारखं दिसे. फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात पंधराव्या शतकातलं एका चषकाचं रेखाटन आहे, पाओलो उच्चेल्लोच्या नावावर सांगितलं जातं. चषकाची प्रत्येक कडा, समोरची आणि पलीकडचीही, रेघांच्या जाळीतून दिसते. संगणक येण्याच्या पाचशे वर्षं आधीचं ते चित्र आजच्या पडद्यावर दाखवलं तर कुणी जुनं म्हणणार नाही.

आपल्याकडे या कामाला घरचीच उपमा आहे. घर बांधायला घेतलं की पाया खणण्याआधी गवंडी दोरी धरून जमिनीवर पांढरी फक्की टाकतो. त्याला लाइन आउट म्हणतात. त्या संध्याकाळी घरची माणसं फक्कीच्या रेघांमधून हिंडतात. इथे ओटा, इथे मोरी, इथे देवघर. आई पदर खोचून ओट्याच्या जागेपाशी उभी राहते आणि म्हणते, “उजेड पाठीमागून येतोय, माझीच सावली भाजीवर पडणार.” रेघ पायाने पुसायची आणि हातभर सरकवायची. भिंत उभी राहिल्यावर हे बोलून उपयोग नसतो.

वेबसाइटच्या कामात मी आले ती वर्तमानपत्रातून. रात्रपाळीची उपसंपादक म्हणून पान लावायला शिकले. ‘पान लावणं’ हा वर्तमानपत्री मराठीतला माझा आवडता शब्दप्रयोग आहे. पानं विड्याची असोत वा छापायची, ती लावावी लागतात. आधी जाहिरात विभागाकडून डमी यायची: पानाच्या आकाराचा, आठ कॉलम आखलेला कागद. जाहिरातींचे चौकोन त्यात अगोदरच काढलेले असायचे. उरलेल्या जागेत आम्ही बातम्या मांडायचो. लीड म्हणजे मुख्य बातमी इथे, तीन कॉलम, सेकंड लीड डावीकडे, तळाला अँकरची बातमी. जिथे फोटो यायचा तिथे चौकोन काढून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारायची. फोटो अजून आलेला नसे, कधी कधी घटनाही पूर्ण घडलेली नसे, पण त्याची जागा ठरलेली असे. मजकूर जुळवणाऱ्यापासून छपाईपर्यंत प्रत्येकाला ती फुली कळायची.

पुढे काही वर्षांनी मी पहिली वायरफ्रेम पाहिली आणि तिच्यात तीच फुली होती. परक्या गावात एखादा ओळखीचा चेहरा दिसावा तसं झालं. वर्तमानपत्राची आणखीही एक गोष्ट वेबवर गेली. अंक स्टॉलवर घडी घालून ठेवलेला असतो, म्हणून महत्त्वाची बातमी घडीच्या वर हवी असा दंडक होता. न सरकवता पडद्यावर जेवढं दिसतं त्यालाही वेबवाले ‘घडीच्या वर’ म्हणू लागले. पडद्याला घडी नसते, तरी शब्द टिकला.

आपल्या दिवाळी अंकांची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली. आजच्या दिवाळी अंकांमागेही कुणीतरी डमी केलेली असते: कोणत्या फर्म्यात कथा, कुठे कविता, कुठे व्यंगचित्रं, कोणत्या पानासमोर जाहिरात. वाचकाला ती कधीच दिसत नाही. चांगली लागली असेल तर तिची आठवणही येत नाही.

*

सुरुवातीच्या वेबला या सगळ्याची गरज नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत जगासाठी खुली केलेली पहिली वेबसाइट म्हणजे मजकूर आणि दुवे. मांडणी म्हणावी असं तिच्यात काही नव्हतं. मग चित्रं आली, कंपन्या आल्या, दुकानं आली. पानाला छापील पत्रकासारखं रूप द्यायची घाई झाली, पण त्यासाठी लागणारी हत्यारं तयार नव्हती. आकडे मांडायला केलेले तक्ते अदृश्य करून त्यांच्या खणांत मजकूर आणि चित्रं कोंबायची, खण फुगू नये म्हणून एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र पाचरीसारखं ठोकायचं, असे उपाय चालत. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ मधल्या पुस्तकाने ही युक्ती घरोघरी पोहोचवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सीएसएस या मांडणीच्या भाषेची पहिली आवृत्ती अधिकृत झाली, पण ब्राउझरांना ती नीट समजायला आणखी काही वर्षं गेली.

त्या काळात एक चौकट इकडची तिकडे करायची तर तक्त्यातले तक्ते उसवून पुन्हा विणावे लागत. म्हणून आधी कागदावर ठरवून घेण्याची निकड वाढली. मला या इतिहासातला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग म्हणजे ती निकड कुणी ओळखली हा. १९९८ मध्ये लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मॉरव्हिल यांनी वेबवरच्या माहितीच्या रचनेवर एक पुस्तक लिहिलं. मुखपृष्ठावर ध्रुवीय अस्वल असलेलं ते पुस्तक या धंद्यातल्या एका पिढीचा पाठ्यग्रंथ ठरलं. दोघेही ग्रंथालयशास्त्र शिकलेले. पुस्तक कुठल्या कपाटात ठेवलं तर वाचकाला सापडेल, हा प्रश्न त्यांनी संगणकावर नेला. आणि त्या प्रश्नाचा आपल्याकडचा मोठा माणूस म्हणजे एस. आर. रंगनाथन. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. वायरफ्रेम कशासाठी करायची असं कुणी विचारलं तर मी त्या चौथ्या नियमाकडे बोट दाखवते.

२००० मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी एक आकृती काढली. वेबसाइट म्हणजे एकावर एक रचलेले पाच थर. सगळ्यात खाली धोरण: हे कुणासाठी आणि का. त्यावर व्याप्ती: काय काय द्यायचं. मग रचना: कशातून कुठे जायचं. मग सांगाडा, आणि सगळ्यात वर पृष्ठभाग, म्हणजे डोळ्यांना दिसणारं रंगरूप. वायरफ्रेम येते ती चौथ्या थरात. खालचे तीन थर ठरलेले नसतील तर सांगाडा उभा राहत नाही. वाचनालयाच्या पहिल्या बैठकीत पाचव्या चौकटीला कागद संपला याचं कारण तेच होतं. आम्ही सांगाडा बांधायला बसलो होतो आणि वेबसाइट कुणासाठी, हे कुणी बोललंच नव्हतं.

*

हे मी शहाणपणाने शिकले नाही, ठेच लागून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं काम मिळालं. नवीन होते, हौस दांडगी होती. तीन रात्री जागून मी मुखपृष्ठाचं पूर्ण रंगीत चित्र तयार केलं आणि संचालकांना दाखवलं. दीड तास बैठक चालली. त्यातला सव्वा तास वरच्या पट्टीचा केशरी रंग भगव्याकडे झुकतो की नारिंगीकडे, यावर गेला. मग बोधचिन्ह थोडं मोठं करायचं ठरलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी वेबसाइट सुरू झाली. आठवड्याभरात शाखांमधून निरोप यायला लागले: म्हाताऱ्या ठेवीदारांना त्यांच्या शाखेचा फोन नंबर सापडत नाही. तो तीन पानं आत गेला होता. तो बाहेर आणायचा तर वरची पट्टी बदलायची, ती बदलली की सगळी पानं बदलायची. पैसे कुणी द्यायचे यावरून कटुता आली ती वेगळीच. चूक माझी होती. मी त्यांच्यासमोर रंग ठेवला, तर ते रंगाविषयीच बोलणार.

तेव्हापासून माझ्या पहिल्या कागदावर रंग येत नाही. करडा, काळा आणि कोरा, बस. माणसासमोर पूर्ण झालेली वस्तू ठेवली की तो भिडेखातर गप्प बसतो किंवा वरवरचं काहीतरी सुचवतो. खाडाखोड झालेला कागद ठेवला की त्याचा हात पेन्सिलकडे जातो. इटलीतल्या जाकोमो गुइलिझ्झोनी यांनी २००८ मध्ये बाल्सामिक नावाचं सॉफ्टवेअर काढलं. संगणकावर काढलेल्या त्यातल्या रेघा मुद्दाम हाताने काढल्यासारख्या थोड्या वाकड्या दिसतात, अक्षरंही वहीत खरडल्यासारखी. हे अजून कच्चं आहे, बोला, असं तो पडदा पाहणाऱ्याला सांगतो. पुढे २०१६ मध्ये फिग्मा सर्वांसाठी खुलं झालं. एकाच चित्रावर पाच जण पाच गावांहून एकाच वेळी काम करू शकतात, आणि आज बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. मीही वापरते. पण पहिली बैठक पाठकोऱ्या कागदावरच.

मी हे सगळं चौकटींविषयी सांगते आहे, पण जीव आहे तो क्रमात. आधी काय, मग काय. अमेरिकेतले वापरसुलभतेचे अभ्यासक जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये सांगितलेली एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकिगत या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. दुकानाचं नाव त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक टोपलीत वस्तू भरून पैसे द्यायला निघालं की मध्येच एक लहानसा फॉर्म यायचा: ईमेल, पासवर्ड, आत या किंवा नोंदणी करा. बनवणाऱ्यांना वाटत होतं, एकदाच तर नोंदणी करायची. पहिल्यांदा येणाऱ्यांना ती अडवणूक वाटायची, आणि जुन्यांना आपण कोणता ईमेल दिला होता तेच आठवायचं नाही. शेवटी ‘नोंदणी करा’ हे बटण काढून ‘पुढे चला’ असं ठेवलं आणि सोबत साध्या शब्दांत लिहिलं की खरेदीसाठी खातं लागत नाही. खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली, आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. रंग तोच, चित्रं तीच. एक चौकट वाटेतून बाजूला झाली.

उलट उदाहरण सरकारी आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत आरोग्य विम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह ही वेबसाइट सुरू झाली आणि गर्दीने कोलमडली. पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची विमा नोंदणी पूर्ण झाली, हे नंतर तिथल्या संसदेच्या समितीने उघड केलेल्या टिपणांतून समोर आलं. कारणं बरीच होती. अनेक ठेकेदार, अपुरी चाचणी, गर्दीचा चुकलेला अंदाज. पण एक कारण क्रमाचं होतं. नुसत्या विम्याच्या किमती पाहायच्या असल्या तरी आधी खातं उघडायची सक्ती होती. जे लोक फक्त डोकावायला आले होते तेही ओळख पटवण्याच्या रांगेत अडकले. बाजारात भाव विचारण्याआधी आधार कार्ड मागितल्यासारखं ते झालं. हा क्रम कागदावर काढून दहा जणांना दाखवला असता तर पहिल्याच माणसाने विचारलं असतं, आधी भाव का नाही दिसत?

आता क्रमाचं महत्त्व आणखी वाढलं आहे, ते फोनमुळे. इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपला आकार बदलेल अशी रीत मांडली, आणि आज आपण बघतो त्या बहुतेक वेबसाइट तशाच असतात. संगणकाच्या रुंद पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवून कुणालाच न दुखावता वेळ मारून नेता येते: डावीकडे इतिहास, उजवीकडे वेळापत्रक. फोनवर शेजारच नसतो. एक वर जाणार, दुसरी खाली. वाचनालयाच्या बैठकीत मी दुसऱ्या वेळी फोनच्या आकाराच्या पट्ट्या कापून नेल्या. बोटभर रुंदीच्या त्या पट्टीवर पहिली चौकट कुणाची, हे ठरवल्याशिवाय पुढे सरकताच येत नव्हतं. अर्ध्या तासात ठरलं. ‘आज उघडं आहे, रात्री ८ पर्यंत.’ ही एक ओळ, सगळ्यात वर.

ती ठरली आणि लगेच मॅडमनी विचारलं, “पण ती ओळ रोज बदलायची कोणी?”

असा प्रश्न आला की मला कामाचं चीज झाल्यासारखं वाटतं. चौकट आखायला क्षणही लागत नाही. ती भरणारा हात शोधावा लागतो. रोजच्या वेळा संगणक आपोआप दाखवेल, पण अचानक सुट्टी जाहीर झाली तर? गावात कुणी मोठी व्यक्ती गेली आणि बाजार बंद राहिला तर? बरीच चर्चा होऊन ठरलं की सकाळी कुलूप उघडणारे कर्मचारी फोनवरून एक बटण दाबतील. त्यांना बोलावून आणलं, कागद दाखवला. ते म्हणाले, “एक बटण असेल तर दाबेन. त्यात टाइप करायला लावू नका.” त्यांच्यासाठी आणखी एक पट्टी आखली, तिच्यावर दोनच चौकटी: उघडं, बंद. जगातल्या कुणालाही न दिसणारं ते पान अख्ख्या वेबसाइटचा कणा आहे.

*

मराठी वेबसाइटच्या वायरफ्रेममध्ये एक खास अडचण असते आणि तिच्याविषयी फार थोडं लिहिलं जातं. मजकूर तयार नसेल तर जागा भरायला डिझाइनर लॅटिनमधला निरर्थक मजकूर टाकतात, लोरेम इप्सम म्हणतात तो. त्याचं मूळ सिसरोच्या ख्रिस्तपूर्व ४५ मधल्या ग्रंथात आहे. साठच्या दशकात लेट्रासेटच्या चिकट अक्षरांच्या तावांवरून तो छपाईत पसरला आणि तिथून संगणकात आला. लॅटिन अक्षरांत पान नेटकं दिसतं. मग शेवटच्या आठवड्यात मराठी मजकूर येतो आणि सगळं उसवतं.

कारण आपली अक्षरं शिरोरेघेला टांगलेली असतात. तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, आणि ‘द्ध’सारखं एकाखाली एक उतरणारं जोडाक्षर. ‘पूर्ती’ हा एक शब्द घ्या: वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींच्या अंतरात तो बसवला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो, किंवा बटणाच्या कडेला रफार कापला जातो. इंग्रजी डिझाइनर मथळा उठून दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात. मराठीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे मणी विखुरतात. इंग्रजीत मेनू मोठ्या लिपीत लिहिला की तो मजकुरापासून वेगळा ओळखू येतो. देवनागरीत मोठी लिपी-लहान लिपी हा भेदच नाही. मग महत्त्व दाखवायला आपल्याकडे आकार, जाडी आणि जागा एवढंच उरतं, आणि जागा ठरते वायरफ्रेममध्ये. म्हणून मराठी पानाचा सांगाडा मराठी मजकुरावरच बांधायला हवा असं मी आग्रहाने म्हणते. र. कृ. जोशींनी विंडोजसाठी मंगल हा फॉन्ट घडवला, मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्तासारखे फॉन्ट सर्वांना मोफत वापरायला दिले. एवढी माणसं अक्षरासाठी झटली असताना त्याला परक्या मापाच्या खोक्यात दाबणं मला अन्यायाचं वाटतं.

एका बटणाची गोष्ट सांगते. आधीच्या एका कामातून मी ‘रिन्यू’ या बटणाची चौकट जशीच्या तशी उचलली होती. मराठीत लिहिलं, ‘सदस्यत्वाचे नूतनीकरण करा’. फोनच्या पट्टीवर ते तीन ओळींत गेलं. अक्षर लहान केलं तर वाचेना. मी खाडाखोड करत बसले होते तेव्हा मॅडम म्हणाल्या, “ताई, नूतनीकरण असं कुणी म्हणतच नाही. ‘वर्गणी भरायचीय’ म्हणतात.” चौकटीत लिहिलं, ‘वर्गणी भरा’. एका ओळीत बसलं, दोन्ही बाजूंना जागा उरली.

शोधाच्या चौकटीने मात्र आम्हाला दोन आठवडे झुलवलं. कागदावर ती सगळ्यात सोपी दिसते: एक लांबट पट्टी, शेजारी भिंगाचं चिन्ह. पण तिच्यात माणूस काय टाइप करणार? खांडेकरांची कादंबरी छापलेली ‘ययाति’ म्हणून, आजचा वाचक लिहिणार ‘ययाती’. कुणी रोमन अक्षरांत लिहिणार. ‘पु. ल.’ कुणी टिंबं देऊन लिहिणार, कुणी जोडून ‘पुल’. नोंदवहीत लेखक आडनावाने लावलेले, वाचकाच्या तोंडी नाव आधी. म्हणून आम्ही एक कागद फक्त ‘सापडलं नाही’ या पानासाठी आखला. नुसतं ‘शून्य निकाल’ असं लिहून माणसाला दारातून परत पाठवायचं नाही असं ठरलं. जवळपासची नावं दाखवायची, आणि त्याखाली काउंटरचा फोन नंबर. कित्येक वेबसाइटचं असं पान कुणी आखलेलंच नसतं, आणि माणूस नेमका तिथेच हरवतो.

*

कागद तयार झाले की ते माणसांच्या हातात द्यायचे. याकोब नील्सन यांनी २००० मध्ये लिहिलं होतं की पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक मोठे दोष बाहेर पडतात. आम्ही पाच वाचकांना बोलावलं. मी संगणक झाले: त्यांनी कागदावर बोट टेकलं की मी पुढचा कागद समोर सरकवायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. गप्प बसणं हाच या कामातला सगळ्यात कठीण भाग आहे.

निवृत्त परिचारिका असलेल्या एक आजी आल्या. त्यांना सांगितलं, तुमच्याकडे असलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून घ्या. त्यांनी कागद दूर धरला, जवळ धरला, आणि बोट ‘माझी पुस्तकं’ या चौकटीवरून दोनदा फिरवून ‘वर्गणी भरा’वर ठेवलं. मी तो कागद दिला. “पैसे कशाला?” त्या घाबरून म्हणाल्या. “मी तर मुदतीत आहे.” ‘माझी पुस्तकं’ म्हणजे आपण विकत घेतलेली, असं त्यांना वाटलं होतं. रबराने खोडून तिथे लिहिलं, ‘घरी नेलेली पुस्तकं’. पुढच्या वाचकाचं बोट सरळ तिथे गेलं.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा आला. त्याने ‘अभ्यासिका’वर बोट ठेवलं, मी नियमांचा कागद पुढे केला. तो म्हणाला, “नियम पाठ आहेत. जागा आहे का तेवढं सांगा. सहा किलोमीटरवरून सायकल मारत येतो मी.” खोलीत सगळे गप्प झाले. रिकाम्या जागा क्षणाक्षणाला मोजून दाखवणं आम्हाला शक्य नव्हतं, हात नव्हते. मॅडम म्हणाल्या, परीक्षेच्या दिवसांत दहाला खोली भरते, एरवी दुपारपर्यंत जागा असते. तेच लिहायचं ठरलं. पाळता येणार नाही असं वचन त्या चौकटीतून काढून टाकलं आणि जेवढं खरं आहे तेवढं ठेवलं.

वायरफ्रेमने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. कागदावर पान चटकन उघडतं, गावात मोबाइलची रेंज जाते-येते. करड्या चौकटीत फुली मारली की तिथे सुंदर फोटो येईल असं सगळे धरून चालतात, आणि प्रत्यक्षात येतो तो अंधारात काढलेला. चौकटींची सवय लागली की सगळ्या वेबसाइट एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, ही तक्रारही खरी आहे. आणि आता तर एक वाक्य टाइप केलं की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं काही मिनिटांत रंगीत, सजवलेलं, फोटोंसकट पान समोर ठेवतात. मी ती वापरून पाहिली. पान देखणं असतं. पण पतसंस्थेच्या त्या दीड तासाची मला आठवण होते. देखणं पान समोर आलं की माणसं बोलायची थांबतात. कुलूप उघडणाऱ्या माणसाला कुणी बोलावून आणत नाही. सायकलवरून येणारा मुलगा कुणाला भेटत नाही. चौकटी आखण्यापेक्षा त्या आखताना होणारी भांडणं मला हवी आहेत, आणि ती टाळण्याची सोय आज कधी नव्हे इतकी स्वस्त झाली आहे. मला त्याची खरोखर काळजी वाटते.

वाचनालयाची वेबसाइट सुरू झाली. इमारतीचा फोटो खाली आहे, चांगला मोठा. इतिहासाला स्वतंत्र पान मिळालं. सरांनी ते स्वतः लिहिलं आणि मी वाचलेल्या संस्थांच्या इतिहासांत ते सगळ्यात रसाळ आहे. देणगीदारांची नावंही त्याच पानावर आहेत, प्रत्येकाच्या नावापुढे त्यांनी काय दिलं तेही: कपाट, पंखे, चरित्रग्रंथांचा संच.

सप्टेंबरच्या शेवटी मॅडमचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. सोबत एकच ओळ: “ताई, वेळ मिळाला की बघा.” त्यांनी वर्गणीच्या जुन्या पावतीपुस्तकाचं पाठकोरं पान घेतलं होतं. पट्टी लावून उभी चौकट आखली होती. सगळ्यात वर ‘आज उघडं आहे’ची ओळ तशीच ठेवली होती. तिच्याखाली नवी आडवी चौकट: ‘दिवाळी अंक योजना. नाव नोंदवा.’ त्याखाली अंकांच्या मुखपृष्ठांसाठी सहा लहान चौकोन, प्रत्येकात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘कोणता अंक बाहेर गेलाय हे इथे दिसावं. रोज संध्याकाळी मी बदलेन.’